बाळाचं घरचं नाव ठरवून ठेवता येतं का?

मोगरा_ठाणे
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लेक पाच महिन्यांची झाली. नाव मृण्मयी. बारसं रीतसर झालं, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या झालं, आत्यानं कानात कुर्रर्र केलं, घुगऱ्या वाटल्या, जन्मदाखल्यावर नाव चढलं. नावाबद्दल कुणाचीच तक्रार नाही. फक्त बारशानंतर ते कुणी वापरलेलं नाही. माझी आई (नौपाडा) तिला चिमी म्हणते. सासूबाई (नेरूळ) ठकूताई म्हणतात. नवरा 'बॉस' म्हणतो. सांभाळायला येणाऱ्या मावशी बाबू म्हणतात. आणि घोडबंदर रोडला आमच्या मजल्यावर एक गुजराती, एक तमिळ आणि एक कानपूरचं कुटुंब आहे, त्यांच्याकडे तिची अनुक्रमे मृणाली, मिरण्मई आणि 'अरे वो छोटी' झालीय.

माझं म्हणणं, एखादं भलतंच नाव चिकटायच्या आत आपणच एक ठरवून टाकावं. दोन अक्षरी, सगळ्यांना म्हणता येईल असं, आणि दहावीत असताना मैत्रिणींसमोर हाक मारली तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होऊ नये असं. पिंकी, स्वीटी, एंजल नको. नवऱ्याचं म्हणणं, घरचं नाव कुणी ठेवत नसतं, ते पडतं. त्याला स्वतःला घरात 'बाळू' म्हणतात, त्यामुळे त्याच्या मताला या विषयात किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

कुणी ठरवून ठेवलंय का? टिकलं का?

खारघरकर
नाही टिकलं. आम्ही 'ओजू' ठरवलं होतं. आता सहावीत आहे आणि अख्खं सेक्टर १२ त्याला 'ढेकू' म्हणतं. कारण विचारू नका.

साखरभात
@खारघरकर, कारण सांगा.

खारघरकर
दूध पिऊन झालं की खांद्यावर घ्यायचं आणि पाठ थोपटायची, तर हा पहिल्या थापेलाच मोठ्ठा ढेकर द्यायचा. त्याच्या आजोबांना त्याचं इतकं कौतुक की येणाऱ्याजाणाऱ्याला प्रात्यक्षिक दाखवायचे. तिथून पडलं.

कळव्याचा_कावळा
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). ढेकूला आशीर्वाद सांगा.

नौपाड्याचे_काका
मोगराताई, तुमच्या यजमानांचं बरोबर आहे, पण अर्धंच.

आमच्या चाळीत तीन बेबी होत्या. थोरली बेबी, मधल्या जिन्यावरची बेबी आणि बेबी आत्या. थोरली आता ऐंशीच्या पुढे आहे, पणजी झालीय, आणि अजून बेबीच आहे. शिवाय दोन बंडू, एक बाळू, एक बबन आणि 'राजा' नावाचा एक अत्यंत गरीब मुलगा. पत्र आलं की पोस्टमन खालून खरं नाव ओरडायचा आणि कुणीच बाहेर यायचं नाही.

हे सगळं निव्वळ लाडापोटी नव्हतं, हे आजकाल विसरलं जातं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत होती, आणि सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही अशीही पद्धत होती. आता पोटच्या पोराला हाक कशी मारणार त्या बाईनं? मग तो बाळ, नाना, अण्णा, बापू, काहीतरी व्हायचाच. घरचं नाव ही आईची सोय होती.

आणि ही नावं काही कमी ताकदीची नसतात. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरात बाळ म्हणायचे, तेच टिकलं. तात्या टोपे म्हणजे रामचंद्र पांडुरंग. विनोबांना आई विन्या म्हणायची. बाबा आमट्यांचं नाव मुरलीधर. 'बाबा' ही त्यांच्या घरातली लहानपणापासूनची हाक, लोकांना मात्र वाटतं की कार्यामुळे मिळालेली पदवी आहे.

सई_न
काका, धागा लेकीचा आणि उदाहरणं चार, चारही बाप्ये. :)

नौपाड्याचे_काका
हा घ्या जमाखर्च पुरा करून: झाशीची राणी. मणिकर्णिका तांबे, घरात मनू. आणि मोगराताई, मृण्मयीचं मनू अगदी सहज होतं. बघा.

साखरभात
मनूला माझंही मत. +१

पॅसेंजर_स्लो
मी 'गोट्या'. वय ३६. ऐरोलीच्या ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत, त्यांच्यासमोर आई फोनवर 'गोट्या जेवलास का' म्हणून विचारते आणि माझा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो.

खरी गंमत पासपोर्टच्या वेळी. पडताळणीला पोलीस आले तेव्हा मी नेमका बाहेर. त्यांनी वॉचमनला नाव विचारलं, तो म्हणे असा कुणी इथे राहत नाही. शेजारच्या काकूंना विचारलं, त्याही म्हणाल्या नाही. लहानपणापासून ज्यांच्याकडे वाटी घेऊन साखर मागायला गेलो त्या काकू! शेवटी फोटो दाखवल्यावर म्हणाल्या, 'अय्या, हा तर आपला गोट्या.' पोलिसांनी कागदावर काय लिहिलं देव जाणे, पासपोर्ट आला.

त्यामुळे माझं मत: ठेवा, पण शेजाऱ्यांना खरं नावही अधूनमधून ऐकवत जा.

तर्कट
मला हा सगळा प्रकारच कळत नाही. एवढा विचार करून नाव ठेवायचं, पन्नास साइट चाळायच्या, अर्थ बघायचे, आणि मग म्हणायला लांब पडतं म्हणून तोडायचं? मग आधीच दोन अक्षरी ठेवायचं ना. आमच्या मुलाचं नाव अनिरुद्ध आहे आणि आम्ही त्याला अनिरुद्धच म्हणतो. पाळणाघर, शाळा, क्लास, सगळीकडे अनिरुद्ध. पालकांनी नीट सांगितलं की लोक ऐकतात.

कळव्याचा_कावळा
@तर्कट, आणि अनिरुद्ध स्वतःला काय म्हणतो?

तर्कट
अनू. पण तो तीन वर्षांचा आहे.

कळव्याचा_कावळा
बरं.

ऐरोलीची_वाचा
मी बाळांच्या ऐकण्या-बोलण्यावर काम करते, त्यामुळे थोडं लांबण लावते.

साधारण साडेचार महिन्यांपासून बाळं आपल्या नावाचा आवाज इतर शब्दांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकू लागतात. नाव म्हणजे 'मी' हे कळायला अजून अवकाश असतो, पण हा आवाज ओळखीचा आहे एवढं पक्कं होतं. आणि ते कानावर सगळ्यात जास्त वेळा काय पडतं त्यावर ठरतं, दाखल्यावर काय आहे त्यावर नाही. म्हणून माझ्याकडे बाळ आलं की पहिला प्रश्न 'घरात काय हाक मारता?' हाच. दाखल्यावरच्या नावानं हाका मारून बाळ बघत नाही म्हणून घाबरलेले आईबाप आले आहेत, आणि आजीनं दारातून 'ए छबू' म्हटल्याबरोबर तेच बाळ गर्रकन वळलेलं आहे. वर्षाचं होईपर्यंत घरच्या नावालाही बाळ वळून बघत नसेल तर मात्र वाट न बघता दाखवून घ्यावं.

दुसरं, मुलं बोलायला लागतात तेव्हा ओठांनी होणारे आवाज लवकर येतात: प, ब, म. बाबू, बेबी, पमी, मनी, बबडी ही नावं पिढ्यान् पिढ्या टिकली त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं, कारण बरीचशी घरची नावं आईबापांनी नाही, मोठ्या भावंडांनी ठेवलेली असतात. र सगळ्यात उशिरा येणाऱ्यांपैकी. मृण्मयीला स्वतःचं नाव नीट म्हणता यायला वेळ लागेल, त्यामुळे मोगरा, तू काहीही ठरव, ती स्वतःला काय म्हणते तेच शेवटी राहण्याची शक्यता जास्त.

चार लोकांनी चार नावं वापरली तर गोंधळ होतो का, असं नेहमी विचारतात. होत नाही. आई कुठल्या नावानं बोलावते आणि आजी कुठल्या, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

मोगरा_ठाणे
@ऐरोलीची_वाचा, खूप आभार. हे नवऱ्याला दाखवलं, तो जिंकल्यासारखा हसतोय.

@तर्कट, दोन अक्षरी ठेवायचं म्हणून यादी केली होती हो. इरा, मीरा, सारा, आमच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावर, लसीकरणाच्या रांगेत, सगळीकडे तीच. मृण्मयी आवडलं, ठेवलं.

दिवाळे_कोळीवाडा
बेलापूरजवळच्या गावठाणातून बोलतोय. आमच्याकडे टोपणनाव नसेल तर माणूस सापडतच नाही.

गावात आडनावं मोजकी, नावं पण मोजकी. एकाच नावा-आडनावाची चार माणसं एका आळीत. मग एक मोठा, एक काळा, एक ड्रायव्हर, एक मुंबईवाला. लग्नाच्या पत्रिकेत, वाढदिवसाच्या बॅनरवर, मतदानाच्या चिठ्ठ्या वाटताना, सगळीकडे नावासोबत अवतरणचिन्हात टोपणनाव छापावं लागतं, नाहीतर आहेर भलत्याच घरी जातो. माझ्या आजोबांचं टोपणनाव आता आमच्या घराचं नाव झालंय. म्हातारी माणसं अजून विचारतात, 'कोनाचा रं तू?' तेव्हा खरं आडनाव सांगून काही उपयोग नसतो, ते टोपणनाव सांगावं लागतं, मग लगेच बसायला खुर्ची.

आणि नावाची आद्याक्षरं पण अशीच नाव होऊन बसतात. आमचे भूमिपुत्रांचे नेते, त्यांचं दिनकर बाळू पाटील असं पूर्ण नाव इथे किती जण घेतात? आम्ही सगळे 'दिबा'च म्हणतो, आंदोलनात पण, घरात पण.

खारघरकर
+१. नवी मुंबई विमानतळाच्या नावाच्या मोर्चात निम्म्या पाट्यांवर 'दिबा' होतं.

सई_न
माझी वाशीची एक मैत्रीण. लेकीचं घरचं नाव ठरवून ठेवलं, मिष्टी. गोड, दोन अक्षरी, बंगाली-मराठी-गुजराती सगळ्यांना म्हणता येणारं. बरोबर मोगराताईंच्या अटींत बसणारं.

आणि मग खालच्या मजल्यावर नवीन लोक आले, त्यांच्या कुत्रीचं नाव मिष्टी.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतात: 'मिष्टीने परत लिफ्टमध्ये शू केली आहे, संबंधितांनी लक्ष द्यावे.' 'मिष्टी रात्री फार ओरडते.' 'मिष्टीला पट्टा न लावता खाली सोडू नये.' मैत्रीण आधी दरवेळी उत्तर द्यायची, आता सोडून दिलंय.

कळव्याचा_कावळा
'संबंधितांनी लक्ष द्यावे' ला मी खुर्चीतून पडलो.

बटाटेवडा
म्हणून पहिला नियम: आधी सोसायटीतल्या कुत्र्यांची यादी मागवा. कोको, मिनी, सिंबा, जोई, लिओ, सगळी माणसांची नावं कुत्र्यांना गेली आहेत. आता बंड्या, पम्या ही नावं मोकळी झाली आहेत, ती परत घ्यावीत असं माझं नम्र मत.

दुसरा नियम: 'या' लावून बघा. शाळेत पोरं लावणारच. सचिनचा सच्या, मंदारचा मंद्या. एका मंदारला विचारा त्याचं बालपण कसं गेलं.

तिसरा: चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली मैदानात ऐकू जाईल असं ओरडून बघा. शेवटी आ, ई, ऊ हवा, लांबवता येतो. 'मनूऽऽऽ' जातं. 'मृण्मयी' म्हणून ओरडून बघा, दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचेपर्यंत तिचं जेवण गार.

गॅलरीतली_माणसं
तिसऱ्या नियमाला कडाडून विरोध. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, संध्याकाळी सात वाजता वरून एकदम वीस नावांचा पाऊस पडतो.

पंचांगवाचक
धाग्यात नावरस नावाचा कुणी उल्लेखच केला नाही! खरं तर तीन नावं असतात. जन्मनक्षत्राच्या चरणावरून येणाऱ्या अक्षराचं नावरस नाव, ते पत्रिकेत राहतं. बारशाचं पाळण्यातलं नाव. आणि घरचं. काही घरांत नावरस नावच घरचं म्हणून वापरतात. अक्षर चांगलं आलं तर प्रश्नच मिटतो.

साखरभात
आणि अक्षर वाईट आलं तर? आमच्या भाचीचं नक्षत्र आश्लेषा. अक्षरं डी, डू, डे, डो. गुरुजी अगदी गंभीरपणे म्हणाले, यातलं निवडा. घरात तीन दिवस सन्नाटा. शेवटी पत्रिकेत 'डिंपल' लिहून विषय संपवला, आणि प्रत्यक्षात ठेवलं अदिती.

पंचांगवाचक
@साखरभात, हस्त नक्षत्र आलं असतं तर पू, ष, ण, ठ. म्हणजे डिंपल स्वस्तात सुटली.

कळव्याचा_कावळा
'ठ' वरून मोगराताईंच्या सासूबाईंनी आधीच ठकूताई ठेवलंय. सासूबाई ग्रेट.

बटाटेवडा
'ठ' वरून ठाणे ठेवा. पूर्व आणि पश्चिम अशी दोन मुलं झाली तर सोयीचं.

अबोली_कोपरी
हसत होते वाचताना, पण एक लिहायचं होतं.

मला लहानपणी घरात 'काळी' म्हणायचे. काकू, आत्या, शेजारच्या आज्या, सगळ्या. रागानं नाही, अगदी मांडीवर घेऊन. 'आमची काळी किती गुणाची.' बहिणीला 'सोनी' म्हणायचे. मी चाळिशी ओलांडली, नोकरी, घर, मुलं सगळं ठीक आहे. अजूनही कोपरीतल्या त्या गल्लीत गेले आणि कुणी मागून ती हाक मारली की मी वळून बघते, आणि वळून बघितल्याचाच राग येतो.

वरती दिवाळेवाल्या दादांनी लिहिलंय 'एक मोठा, एक काळा'. त्यांना उद्देशून नाही हे. पण जाडी, नकटी, ढमी, बुटकी, काळू ही नावं ठेवू नका. बाळाला कळत नाही म्हणून ठेवतात. बाळ मोठं होतं.

जुनं_ते_सोनं
अबोलीताई, वाईट वाटलं वाचून, पण पूर्वी हे खरंच प्रेमानं म्हणायचे. आताच्यासारखं प्रत्येक गोष्टीचं मनाला लावून घेत नव्हते लोक.

अबोली_कोपरी
प्रेमानं म्हणायचे म्हणूनच तर कधी 'नको म्हणू' असं म्हणता आलं नाही.

दिवाळे_कोळीवाडा
ताई, बरोबर आहे तुमचं. आमच्याकडे त्या 'काळ्या' काकांनी स्वतःच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत ते छापू दिलं नव्हतं. तेव्हा सगळे हसले होते.

ऐरोलीची_वाचा
अबोलीताईंना पूर्ण अनुमोदन. रंग, अंगकाठी, व्यंग यावरून काहीही नको.

नौपाड्याचे_काका
यातला आणखी एक प्रकार. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला दगडू, धोंडू, केरू असं नाव ठेवायचे. दृष्ट लागू नये, काळानं ढुंकूनही बघू नये म्हणून. म्हणजे नाव ओबडधोबड, पण मूल अतिशय हवंहवंसं.

याच्या नेमकं उलट म्हणजे 'नकोशी'. तिसरी-चौथी मुलगी झाली की ठेवायचे, आणि ते घरातलं टोपण नाही, शाळेच्या दाखल्यावरसुद्धा. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. त्यांच्या आया काही दुष्ट नसतील, पण दिवसातून पन्नास वेळा ती हाक ऐकत मोठं व्हायचं म्हणजे काय, हे अबोलीताईंनी वर लिहिलंच आहे.

सई_न
काही मुलींनी ऐश्वर्या घेतलं होतं असं बातम्यांत वाचल्याचं आठवतंय. छान वाटलं होतं.

रांगेतला_माणूस
थोडा रुक्ष प्रतिसाद, पण कामाचा. दाखल्यांची कामं रोज बघतो.

१. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्या वेळी नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नाव नंतर घालता येतं: पहिल्या वर्षात फुकट, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे बारशाच्या घाईत कुणाचं तरी टोपणनाव तिथे लिहून टाकू नका. 'सध्या सोनू लिहू, मग बदलू' म्हणणारे दर आठवड्याला भेटतात. रिकाम्या जागी नाव घालणं सोपं, घातलेलं बदलणं अवघड.

२. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, आधार या सगळ्यासाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे. तिथे जे स्पेलिंग तेच पुढे सगळीकडे. मृण्मयी या नावाची स्पेलिंगं किमान चार होतात, शेवटी डबल ई की आय की वाय यावर घरात आत्ताच करार करा आणि भिंतीवर चिकटवा.

३. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायचं आहे.

४. 'उर्फ' कुठेही लिहू नका. कुठेही. पुढच्या पिढीचे वारसदाखले काढताना त्या 'उर्फ'पायी लोक माझ्यासमोर रडलेले आहेत.

बटाटेवडा
तिसऱ्या मुद्द्याप्रमाणे मृण्मयी + आई + बाबा + आडनाव. फॉर्मातल्या चौकोनांची संख्या वाढवून मागा.

मोगरा_ठाणे
@रांगेतला_माणूस, डबल ई. करार झालेला आहे, सासऱ्यांच्या सहीनिशी. :)

@अबोली_कोपरी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. माझ्या मावशीला घरात 'नकटी' म्हणायचे. आता आईनं तिला फोन लावलाय, आतल्या खोलीत बोलत बसल्या आहेत.

तर्कट
मी वरचं सगळं वाचलं. माझा मुद्दा उलट अजून भक्कम झालाय असं मला वाटतं. खरं नाव वापरा.

पॅसेंजर_स्लो
तर्कटभाऊ, खरं नाव कुणाचं खरं? माझं दाखल्यावरचं नाव फक्त बँक आणि ट्रॅफिक पोलीस घेतात. दोघंही चांगल्या कामासाठी घेत नाहीत. आई गेल्यावर मला गोट्या म्हणणारं कुणी उरणार नाही, आणि हे छत्तिसाव्या वर्षी मला लोकलमध्ये उभ्याउभ्या सुचलं होतं. तेव्हापासून फोनचा आवाज कमी करत नाही.

साखरभात
गोट्या, तू असं काही लिहीत नको जाऊस. ऑफिसात आहे मी.

तर्कट
ठीक आहे. अनूपर्यंत मी यायला तयार आहे.

खारघरकर
धाग्याला यश!

सई_न
मूळ प्रश्नाकडे या रे कुणीतरी. मोगराताई, काय ठरलं?

मोगरा_ठाणे
आलेल्या सूचना घरात वाचून दाखवल्या, त्याचा वृत्तांत.

मृणू: सगळ्यांना आवडलं, पण कानपूरच्या भाभींकडे त्याचं 'मुन्नू' झालं. तिथं दोन मुन्नू आधीच आहेत.
मयू: माझ्या भाच्यानं लगेच म्याव केलं. बाद.
मिनू: सासूबाईंच्या एका नणंदेचं नाव. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. बाद.
मनू: आईला, सासऱ्यांना, शेजाऱ्यांना चालतंय. गॅलरी परीक्षाही झाली, नवरा खाली पार्किंगमध्ये उभा राहिला आणि मी ओरडले. ऐकू गेलं. कुत्र्यांमध्ये कुणी नाही, विचारून घेतलं.

सासूबाईंना धागा वाचायला दिला होता. त्यांचा निरोप: 'तुम्ही हवं ते ठेवा, मी ठकूताईच म्हणणार. आणि त्या कावळ्याला म्हणावं, ग्रेट आहे हे मला माहीत आहे.'

तर काल पाळणाघराचा फॉर्म भरला. पुढच्या महिन्यात माझी रजा संपतेय. त्यात खरंच एक रकाना होता, 'बाळाला घरी काय म्हणता?' मी ठसठशीत अक्षरात 'मनू' लिहिलं. तिथल्या ताईंनी तिला मांडीवर घेतलं आणि मनू, मनू म्हणून हाका मारल्या. ढिम्म. मग आमच्या मावशी, ज्या बॅग धरून दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, 'बाबू, चल गं.' मान गर्रकन.

ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या रकान्यात कंसात 'बाबू' लिहून घेतलं.

ऐरोलीची_वाचा
सगळं नॉर्मल आहे. दिवसभर कोण बोलतं तिच्याशी? मावशी. आता पाळणाघरात मनू सुरू झालं की महिन्या-दोन महिन्यांत त्यालाही बघेल.

मोगरा_ठाणे
नवऱ्याचं म्हणणं बाबू छान आहे, बाळूची बाबू. मी त्याच्याशी बोलत नाहीये.

नौपाड्याचे_काका
मोगराताई, मावशींना येताना मामलेदारची मिसळ घेऊन जा आमच्यातर्फे. नामकरणाचा मान त्यांचा.

बटाटेवडा
मुलीला बाबू म्हणणारे आणि मुलाला ताई म्हणणारे असा एक वेगळा धागा काढायला हवा. माझ्या मेव्हण्याला घरात माई म्हणतात.

साखरभात
@बटाटेवडा, काढाच. माईंची कथा हवी आहे.

नवीन_सदस्य_वाशी
नमस्कार, मी इथे नवीन. धागा पूर्ण वाचला, मजा आली. मोगराताई, हे पाळणाघर ठाण्यातच आहे का? त्यांची वाशीला शाखा आहे का? आमचा मुलगा सात महिन्यांचा आहे, घरी 'डंपर' म्हणतात. फॉर्ममध्ये तेच लिहू का?

रांगेतला_माणूस
पाळणाघराच्या फॉर्ममध्ये लिहा. बाकी कुठेही नाही.